मोती कुठला, बुरशी कुठली

आमच्या घरात पणजीचा एकच फोटो आहे. माझ्या आजोबांची ही आई. घरात सगळे तिला मोठीआई म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. फोटो साधारण पोस्टकार्डाएवढा, करड्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, खाली गिरगावातल्या एका स्टुडिओचा उठावाचा शिक्का. मोठीआई नऊवारी नेसून खुर्चीवर बसली आहे आणि शेजारी कोट-टोपीतले सात-आठ वर्षांचे आजोबा उभे आहेत. त्यांच्या वयावरून हिशेब केला तर फोटो १९३०च्या आसपासचा.

हा फोटो वर्षानुवर्षं कळव्याला काकांच्या तळमजल्यावरच्या घरात होता. २६ जुलै २००५ला, म्हणजे सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला त्या दिवशी, तिथे पाणी शिरलं आणि फडताळात उभी ठेवलेली चौकट खालून भिजली. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि चित्र त्या थरातच असतं. जिलेटिन ओलं झालं की फुगतं, चिकट होतं आणि वाळताना ज्याला टेकलं असेल त्याला धरून बसतं. मोठीआईच्या फोटोचा खालचा डावा कोपरा असाच काचेला चिकटला. पुढे काच फुटली, तेव्हा त्या कोपऱ्यावर तिचा एक तुकडा तसाच राहिला आणि बाकीचा फोटो उघडा पडला.

मोठीआई अहेव गेली. त्यामुळे पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला तिच्या फोटोला हार घालायचा आणि कपाळाला कुंकू लावायचं, हे आमच्याकडे कधी चुकलं नाही. आधी कुंकू काचेवर लागायचं. काच गेल्यावर ते थेट कागदावर लागायला लागलं. काकांची इमारत पुनर्विकासाला गेली आणि घर रिकामं करताना फोटो एका पत्र्याच्या ट्रंकेसह माझ्याकडे नौपाड्यात आला, तेव्हा मोठीआईच्या कपाळावर लाल पापुद्रा जमला होता. गालांवर बुरशीचे पांढरे ठिपके, कडा कसरीने खाल्लेल्या, उजवीकडे वरून खाली गेलेली एक लांब भेग आणि सगळ्या काळ्या भागावर आरशासारखी निळसर चकाकी. ही चकाकी म्हणजे फोटोतलीच चांदी. जुने कृष्णधवल फोटो चांदीच्या कणांचे असतात. दमट हवेत ती चांदी हळूहळू पृष्ठभागावर येते आणि तिथे चकाकते.

माझं काम पुस्तकांच्या मांडणीचं आहे. फोटोशॉप रोज हाताखाली असतं, पण फोटो वाचवणं हे वेगळं काम आहे हे मला ठाऊक होतं. मी विचार करत होते तेवढ्यात भाचीने फोनवर फोटो काढला, एका अ‍ॅपमध्ये टाकला आणि मिनिटभरात घरच्या ग्रुपवर मोठीआई झळकली. भेग गायब, ठिपके गायब, गाल तुकतुकीत, डोळ्यांत चमक. सगळ्यांना आवडली. आत्यालाही आवडली. ती म्हणाली, "किती तरतरीत दिसतेय गं!" काका म्हणाले, "हाच मोठा करून लावू या."

मलाही पहिल्यांदा पाहताना बरं वाटलं, हे खरं आहे. पण हे अ‍ॅप काय करतं ते समजून घ्यायला हवं. त्याने हजारो चेहरे पाहिलेले असतात. पुसट चेहरा दिला की, अशा ठिकाणी सहसा डोळा कसा असतो, ओठ कसा असतो, याचा अंदाज ते बांधतं आणि तो अंदाज तिथे रंगवतं. हरवलेलं काही परत येत नाही. पापण्या सुंदर होत्या, पण त्या आमच्या मोठीआईच्या होत्या याला आधार काय? पुन्हा पाहताना आत्याच थबकली. "ही नथ आपली नाही," ती म्हणाली. खरंच, नथीच्या जागी अ‍ॅपने एक गोल, गुळगुळीत, चमकदार काहीतरी बसवलं होतं. हनुवटीही साफ कोरी झाली होती. आत्या मोठीआईच्या मांडीवर वाढली आहे. ती म्हणाली, "हनुवटीवर गोंदण होतं तिच्या. तीन ठिपके. मी बोट लावून मोजायचे."

तिथे माझं काम काय आहे ते मला कळलं. आपल्याकडच्या जुन्या बाईचा फोटो घ्या. कपाळावर कुंकू, हनुवटीवर गोंदण, नाकात मोत्यांची नथ. म्हणजे चेहऱ्यावर सगळे ठिपकेच. आणि फोटो खराब होतो तोही ठिपक्यांनीच. मोती कुठला आणि बुरशी कुठली, हे ठरवल्याशिवाय एकही ठिपका पुसायचा नाही, असं मी ठरवलं.

गोखले रोडजवळ पूर्वी स्टुडिओ चालवणारे एक वयस्क गृहस्थ ओळखीचे आहेत. त्यांच्याकडे फोटो घेऊन गेले. त्यांनी आधी फोटो हातात घेतलाच नाही. टेबलावर ठेवायला लावला, खोलीतला दिवा बंद केला आणि टॉर्च आडवा धरून अगदी कागदाच्या पातळीवरून उजेड टाकला. त्या तिरप्या उजेडात फोटोचा नकाशाच दिसला. कुंकवाचा थर उंचवटा होऊन वर आला, बुरशीने खाल्लेल्या जागा खड्ड्यांसारख्या दिसल्या, भेगेच्या दोन्ही कडा उचलल्या गेल्या होत्या त्या कळल्या. "ताई, जे उंच किंवा खोल दिसतंय ते नंतर आलेलं. जे सपाट आहे ते फोटोतलं," ते म्हणाले. काचेचा तुकडा ओढायचा नाही, पाण्याने सोडवायला जायचं नाही, कुंकू ओल्या कापसाने पुसायचं नाही, हेही त्यांनी बजावून सांगितलं. चिकटलेली काच ओढली तर चित्र काचेबरोबर जातं आणि कागद कोरा उरतो.

त्यांच्याकडे अजून जुनं रिटचिंगचं डेस्क आहे. तिरप्या चौकटीत दुधी काच, खाली आरसा. आरशावरून खिडकीचा उजेड वर यायचा आणि दुधी काचेवर निगेटिव्ह ठेवून तिच्यावर टोकदार पेन्सिलने काम चालायचं. सुरकुती किंवा देवीचा व्रण प्रिंटवर काळा दिसतो, म्हणजे निगेटिव्हवर ती जागा पारदर्शक असते. तिथे पेन्सिलीचे बारीक ठिपके भरले की प्रिंटवर ती जागा उजळते. उलट काही गडद करायचं असेल तर निगेटिव्ह सुरीच्या टोकाने खरवडायची. चेहरे गुळगुळीत करायची हौस आजची नाही, हे त्या डेस्कापाशी बसून समजलं. पण त्या माणसाला समोरचं गिऱ्हाईक माहीत असायचं. कुठला व्रण ठेवायचा नि कुठला घालवायचा, हे तो त्याला विचारू शकायचा.

आता चित्र उतरवून घ्यायचं होतं. स्वस्त, सपाट स्कॅनर बहुधा सीआयएस जातीचे असतात. काचेला टेकलेलंच त्यांना स्पष्ट दिसतं, जरा वर उचललेलं असेल तर धूसर येतं. आमचा पुठ्ठा वाकलेला, कोपऱ्यावर काच, वरून झाकण दाबायची सोय नाही. म्हणून कॅमेरा वापरला. कॅमेरा वरून सरळ खाली रोखलेला, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर दिवे. तरीही चांदीची ती निळसर चकाकी सगळीकडे पसरायची. त्यावर उपाय आहे. दोन्ही दिव्यांपुढे पोलरायझर फिल्म लावायची आणि लेन्सवरही पोलरायझर लावून तो फिरवायचा. एका विशिष्ट कोनाला चकाकी एकदम मावळते आणि तिच्याखालचं चित्र वर येतं. फिल्म मी फोर्टात बोरा बाजारात जाऊन आणली. नऊवारीच्या निऱ्या, ज्या मला लहानपणापासून फक्त काळा डाग म्हणून माहीत होत्या, त्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक मोजता आल्या.

सगळं थंडीत केलं, मुद्दाम. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली की बुरशी धरते, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात ती त्याच्या कितीतरी वर असते. कपाटातून काढलेला फोटो अशा हवेत दिवसभर उघडा ठेवणं बरं नाही.

फोटो कृष्णधवल असला तरी तो रंगीत उतरवून घ्यायचा, ही या सगळ्यातली सर्वांत कामाची गोष्ट. रंगीत फाइल म्हणजे लाल, हिरवा आणि निळा अशा तीन वाहिन्या. त्या एकेक करून पाहता येतात. कागद जुना होऊन पिवळा-तपकिरी पडतो, तो डाग निळ्या वाहिनीत सर्वांत गडद दिसतो आणि लाल वाहिनीत जवळजवळ नाहीसा होतो. कारण साधं आहे. पिवळा-तपकिरी डाग निळा उजेड गिळतो, लाल परत पाठवतो. चांदी मात्र करडी. ती तिन्ही वाहिन्यांत सारखीच दिसते.

मी निळी वाहिनी उघडली तर मोठीआईचं कपाळ काळंकुट्ट. लाल वाहिनी उघडली आणि वर्षानुवर्षांचं कुंकू उतरलं. थर जिथे जाड होता तिथे कडेची जराशी सावली राहिली, एवढंच. आणि त्या मोकळ्या झालेल्या कपाळावर, भुवयांच्या मधोमध जरा वर, एक लहानसं काळं आडवं कुंकू होतं. तिने फोटोच्या दिवशी स्वतः लावलेलं. ते फोटोतल्या चांदीचं होतं म्हणून राहिलं. आम्हा कुणीच ते कधी पाहिलं नव्हतं. आत्याला दाखवलं, ती कितीतरी वेळ स्क्रीनजवळ चष्मा धरून बसली. "अशीच आडवी चिरी लावायची ती," म्हणाली.

कुंकू लाल, मग फोटोत काळं का? त्या काळात स्टुडिओंत निगेटिव्हसाठी काचेच्या ज्या प्लेटा सर्रास वापरत त्यांतल्या पुष्कळशा ऑर्थोक्रोमॅटिक असत. त्यांना निळा आणि हिरवा उजेड दिसे, लाल दिसत नसे. म्हणून तर लाल दिव्यात त्या धुता येत. अशा प्लेटेवर लाल वस्तू काळी उतरते. ओठ गडद येतात, सावळ्या कातडीचा रंग आहे त्याहून गडद येतो. घरात "मोठीआई काळी होती" असं जे आम्ही फोटोवरून धरून चाललो होतो, त्याला आत्या नेहमी विरोध करायची. तिचं म्हणणं बरोबर असण्याची दाट शक्यता आहे. तरी मी चेहरा उजळवला नाही. प्लेटेने जे टिपलं ते टिपलं. किती उजळवायचा याचं माप माझ्याकडे नाही.

गोंदणाचं उलट होतं. त्याचा हिरवट-निळा रंग अशा प्लेटेवर फिकट उतरतो. हनुवटीवर सहा-सात करडे ठिपके होते, त्यांतले गोंदणाचे तीन कोणते? इथे टॉर्चचा धडा उपयोगी आला. त्याच जागी कॅमेरा ठेवून मी आणखी फोटो घेतले, एकदा उजेड डावीकडून आडवा, एकदा उजवीकडून. बुरशीच्या खड्ड्याची सावली उजेडाबरोबर बाजू बदलते. चित्रातला ठिपका आहे तिथेच, आहे तसाच राहतो. तीन ठिपके अजिबात हलले नाहीत. दोन खाली, एक वर. आत्याला आधी काही न दाखवता विचारलं, "कसे होते गं?" तिने माझ्याच हनुवटीवर बोटाने दाखवलं. दोन खाली, एक वर.

नथीला सर्वांत जास्त वेळ लागला. जिथे बुरशीने जिलेटिन खाल्लं तिथे खालचा पांढरा कागद दिसतो, आणि मोतीही पांढरेच. गालाच्या कडेला पांढऱ्या ठिपक्यांचा नुसता घोळका होता. पण मोठीआईची नथ आत्याकडे आहे. तार मध्ये एकदा बदलली, मोती तेच. बँकेच्या लॉकरमधून ती काढून आणली आणि फोटोत ज्या कोनात दिसते त्याच कोनात धरून तिचा फोटो घेतला. सात मोती. त्यांची जागा फोटोतल्या ठिपक्यांवर बसवून पाहिली तेव्हा सात ठिपके जुळले, बाकीचे बुरशीचे. मधोमध एक काळा ठिपका होता. तो घाणीचा असेल असं कुणीही म्हटलं असतं, पण लाल वाहिनीत तो गेला नव्हता आणि आडव्या उजेडात हलला नव्हता. नथीत बरोबर त्या जागी लाल खडा आहे. लाल, म्हणून काळा! अ‍ॅपने हाच खडा पुसून टाकला होता.

नथीच्या नव्या फोटोतला एकही मोती मी जुन्या फोटोत उचलून चिकटवला नाही. तसं केलं असतं तर नथ जास्त रेखीव दिसली असती. पण नथ मला साक्षीदार म्हणून हवी होती. कुठला ठिपका राहू द्यायचा एवढं तिने सांगितलं, तेवढं पुरे होतं.

पुढची दुरुस्ती म्हणजे चिकाटीचं काम. मूळ फाइल टिफमध्ये जपायची, जेपेगमध्ये नाही, कारण जेपेग दर वेळी जतन करताना थोडं थोडं गमावत जाते. फाइलमधल्या मूळ थराला (लेयरला) हात लावायचा नाही, प्रत्येक काम वेगळ्या थरावर. भेगेचा एक थर, बुरशीचा एक, कुंकवाच्या सावलीचा एक. आधी पार्श्वभूमी, मग कपडे, चेहरा सर्वांत शेवटी, हात बसल्यावर. फोटोशॉपमध्ये हीलिंग ब्रश २००२पासून आहे आणि ठिपक्यांना तो उत्तम. भेग मात्र पदराच्या काठावरून जात होती. तिथे ब्रशने काठाची नक्षी बिघडते, म्हणून त्याच काठाचा शेजारचा तुकडा क्लोन करून हाताने जुळवला. फोटोशॉप नसेल तर गिंप फुकट मिळतं आणि एवढ्या कामाला पुरतं. आजोबांचा उजवा हात फोटोत हललेला आहे. लहान मूल, मंद प्लेट, स्थिर राहता आलं नसेल. तो हात तसाच ठेवला. ती खराबी नाही, ते आजोबा आहेत.

काचेखालच्या कोपऱ्यात खुर्चीचा पाय आणि मोठीआईचं डावं पाऊल असणार. तिथलं जिलेटिन विरघळून नुसता चिखल झाला आहे. भाची म्हणाली, "उजवं पाऊल उलटं करून लाव ना, कुणाला कळणार आहे?" मी तो कोपरा सपाट करडा ठेवला.

ट्रंकेतले बाकीचे फोटो त्या मानाने सोपे. सत्तरच्या दशकातले रंगीत फोटो सगळे लालसर पडले होते. अंधारात ठेवलेल्या त्या काळच्या रंगीत प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो, म्हणून लाल उरतो. तिन्ही वाहिन्यांच्या पातळ्या वेगवेगळ्या बसवल्या की बराच तोल परत येतो. आत्याच्या लग्नाचा अल्बम चिकट पानांचा होता. त्यातून फोटो सोडवायला दात साफ करायचा धागा आडवा सरकवत न्यायचा, कागद वाकू द्यायचा नाही. दोन फोटो कुणीतरी हौसेने लॅमिनेट करून घेतले आहेत, त्यांचं काही करता येत नाही. आहेत तसे उतरवून ठेवले. तळाशी अ‍ॅग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या चौकोनी निगेटिव्ह सापडल्या, ६ बाय ६ सेंटिमीटरच्या. निगेटिव्ह सापडली की प्रिंटच्या मागे लागायचं नाही, निगेटिव्हमध्ये कितीतरी जास्त असतं. त्यातल्या काहींना आंबूस, व्हिनेगरसारखा वास येत होता. त्या वेगळ्या पाकिटात काढल्या. हा बिघाड शेजारच्या फिल्मलाही लागतो.

चौकटीसाठी कुठला फोटो, यावर घरात चर्चा झाली. काकांना कोपरा खटकत होता. आत्याचा प्रश्न वेगळा होता. "मी लावलेलं कुंकू तू काढलंस ना?" मी तिला दोन्ही फाइली दाखवल्या. मूळ फोटोवरचं कुंकू तसंच आहे, त्याला मी हात लावलेला नाही. फोटो आहे त्या स्थितीत उतरवलेली फाइलही जपून ठेवली आहे, कारण आजीने आणि नंतर आत्याने दर नवमीला त्या कपाळावर बोट टेकवलं तेही आता या फोटोचा भाग आहे. चौकटीत मात्र मोठीआईची स्वतःची चिरी दिसणारा फोटो आहे, सुती कागदावर पिगमेंट शाईने छापलेला, आणि चारी बाजूंनी पुठ्ठ्याचा माउंट घालून काच कागदापासून उचललेली. आता कुंकू काचेवर लागेल. मूळ फोटो आम्लरहित कागदाच्या पाकिटात, सिलिका जेलच्या पुडीसह, आतल्या खोलीच्या कपाटात आहे. पावसाळ्यात आमच्या बाहेरच्या भिंती ओल धरतात.

प्रत्येक फाइलबरोबर मी एक साधी नोंद ठेवली. काय पुसलं, काय भरलं, कुठून उचलून भरलं, काय सोडून दिलं. नावं आणि नाती आत्याकडून विचारून त्यातच लिहिली. मग सगळ्या नातेवाइकांना मूळ आणि दुरुस्त अशा दोन्ही प्रती पाठवल्या.

त्यातून सांगलीच्या चुलतभावाचा फोन आला. हाच फोटो त्यांच्याकडेही आहे! स्टुडिओने तेव्हा दोन-तीन प्रती दिल्या असणार, आणि एक त्यांच्याकडे गेली असणार. त्यांची प्रत फिकट आहे, चेहरा जवळजवळ उडाला आहे, पण खालचा डावा कोपरा शाबूत आहे. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर धाडलेल्या फोटोत पाऊल दिसतं, बोटात जोडवी दिसतात. खुर्चीच्या पायाशी एक लहान पितळी गडूही आहे. तो तिथे असेल असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो दाबला जातो, म्हणून मी त्याला म्हटलं, स्कॅन नको आणि फोनवरून काढलेलाही नको, पुठ्ठाच घेऊन ये. दिवाळीत तो ठाण्याला येतोय. दिवे आणि पोलरायझर काढून ठेवले आहेत.